गोळी अस्तरापर्यंत पोहोचते, पुवाचं काय?

महोदय,

सर्दी लांबली, गाल ठणकू लागला की ‘जरा स्ट्राँग अँटिबायोटिक द्या’ असं आपण स्वतःहून मागतो. मीही मागितलं. चार महिन्यांत तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटायचं, संपल्या की पुन्हा खाली वाकताना डावा गाल दगडासारखा जड व्हायचा आणि घाण वासाचा कफ घशात उतरायचा. कायम डावीकडेच. उजवी बाजू ठणठणीत होती, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

औषध कमी पडतंय, अशीच माझी समजूत. खरी अडचण वाटेत होती. पोटात गेलेलं औषध रक्तातून सायनसच्या, म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या नाकाला जोडलेल्या पोकळीच्या, अस्तरात बऱ्यापैकी उतरतं, पण पोकळीत साचलेल्या पुवात रक्तवाहिनीच नसते. अस्तरातून पाझरेल तेवढंच तिथे पोहोचणार. शिवाय पू आम्लधर्मी असतो आणि अशा जागी ॲझिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकांचा जोर ओसरतो. हे औषध ‘टिश्यूमध्ये भरपूर साठतं’ असं मला कौतुकाने सांगितलं गेलं होतं. साठतं हे खरं, पण बरंचसं पेशींच्या आत; सायनसमध्ये नेहमी सापडणारा न्यूमोकॉकस हा जिवाणू वाढतो पेशींच्या बाहेर. दुखणं जुनं झालं की जिवाणू बायोफिल्मचा चिकट थर पांघरून बसतात, तेव्हा तर रक्तात सुरक्षितपणे ठेवता येईल एवढी मात्रा पुरतच नाही.

म्हणून निचरा महत्त्वाचा. गालातल्या सायनसचं तोंड जेमतेम काही मिलिमीटरचं, आणि तेही तळाशी नाही, वर. अस्तरावरचे सूक्ष्म केस स्राव वर चढवत तिथवर नेतात. सूज येऊन ते तोंड मिटलं की सगळं आतच तुंबतं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणं, नाकातला स्टिरॉइड स्प्रे, हे निचरा मोकळा करणारे उपाय मला फार किरकोळ वाटायचे.

शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि सीटी स्कॅननंतर दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आरशाच्या दांड्याने वरच्या दाढांवर एकेक करून हलकेच टकटक केली. एका दाढेवर मी खुर्चीतच दचकले. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला अगदी लागून असतात. माझ्या त्या दाढेची नस कधीच मेली होती आणि तिथला संसर्ग सायनसमध्ये जात होता. जिथे रक्तच जात नाही तिथे गोळीतलं औषध कसं जाणार? दाढ काढली, सायनस धुतला, आणि डावी बाजू मोकळी झाली.

अँटिबायोटिक नकोच, असं मी म्हणत नाही. डोळ्याभोवती सूज, दिसण्यात फरक, मान आखडणं यांपैकी काही झालं तर तडक रुग्णालय गाठायला हवं. पण सर्दीतले बहुतेक सायनस विषाणूंमुळे बिघडतात. शंभरात जेमतेम दोघांना जिवाणूंचा संसर्ग होतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने तर 2016 मध्येच बजावलं, की दुसरा पर्याय असताना सायनसच्या साध्या संसर्गाला लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गटातली औषधं देऊ नयेत. स्नायुबंध आणि मज्जातंतूंना होणारा अपाय फायद्याहून मोठा ठरतो.

आपल्या आरोग्य पुरवणीत एवढं ठळक छापावं, ही विनंती: दुखणं एकाच बाजूला, घाण वास, आणि गोळ्या थांबताच पुन्हा त्रास, असं असेल तर पुढच्या कोर्सआधी वरच्या दाढा तपासून घ्या.

आपली एक वाचक