ट्रायक्लोरो गेलं, पण ड्रममध्ये आलं काय?

संपादक महोदय,

जॉबवरचं (म्हणजे तयार होणाऱ्या धातूच्या भागावरचं) तेल-ग्रीस काढायला सुट्या भागांच्या कारखान्यांत ट्रायक्लोरोइथिलीन वर्षानुवर्षं वापरलं गेलं. ते कर्करोगकारक ठरल्यावर ‘ट्रायक्लोरोमुक्त’ ड्रम बाजारात आले. पण त्या लेबलावरून आत काय नाही एवढंच कळतं.

आत एन-प्रोपिल ब्रोमाइड असू शकतं. जुन्याच व्हेपर डीग्रीझरमध्ये (द्रावकाच्या गरम वाफेनं जॉब धुणाऱ्या टाकीत) ते चालतं, नवी मशीन लागत नाही, म्हणून सोयीचं. आता हिशेब पाहा. २० अंशांना ट्रायक्लोरोची वाफ हवेत जास्तीत जास्त सुमारे ७६ हजार पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) साठते. ‘एसीजीआयएच’ या अमेरिकी संस्थेनं कामाच्या आठ तासांसाठी सुचवलेली सरासरी मर्यादा १० पीपीएम. भागाकार ७,६००; हा आकडा जितका मोठा, तितका वाफेचा धोका जास्त. ब्रोमाइडची वाफ सुमारे १ लाख ४५ हजार आणि मर्यादा ०.१ पीपीएम, भागाकार साडेचौदा लाख! शिवाय हे रसायन मज्जातंतूंवर घाला घालतं, पाय बधिर होतात. याला पर्याय म्हणायचं?

म्हणून सप्लायरकडे प्रत्येक घटकाचा सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, मागा (ब्रोमाइडचा १०६-९४-५). ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (कंपनीचं गुपित मिश्रण) हे उत्तर चालवून घेऊ नका. रसायनासोबत मिळणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या (सेफ्टी डेटा शीट) आठव्या भागात मर्यादा असते, नवव्यात बाष्पदाब आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते ते). आयसोप्रोपिल अल्कोहोल विषारीपणात सौम्य, पण फ्लॅश पॉइंट १२ अंश. हीटर असलेल्या उघड्या टाकीत ते ओतणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पाण्यातला अल्कलाइन क्लीनर (३ ते ५ टक्के, ६० अंशांच्या आसपास) बहुतेक ठिकाणी उत्तम. खोड्या त्याच्याही आहेत. ब्लाइंड होलमध्ये (आरपार नसलेल्या भोकात) पाणी राहतं आणि तासाभरात गंज धरतो. मग गंज रोखायला कुणीतरी नायट्राइट टाकतो, आणि जॉबवर राहिलेल्या कुलंटमध्ये (मशिनिंगच्या वेळच्या थंडाव्याच्या द्रवात) डायइथेनॉलअमाइन असलं की कर्करोगकारक नायट्रोसोअमाइन तयार होण्याची सोय झालीच. त्यापेक्षा शेवटी गरम हवेचा झोत बरा. अ‍ॅल्युमिनियमचे जॉब असतील तर कॉस्टिक सोडा असलेला क्लीनर नको. धातू खाल्ला जातो आणि हायड्रोजन सुटतो.

बदलानंतर हवेचे नमुने कामगाराच्या नाकाजवळ घ्या. बास्केट वर काढतानाचा १५ मिनिटांचा नमुना वेगळा हवा, कारण वाफ तेव्हाच उसळते. आठ तासांच्या सरासरीत ती लपते.

आणि जुन्या टाकीतला ट्रायक्लोरोचा गाळ पूर्ण उपसल्याशिवाय त्यात कॉस्टिक घालू नका. दोन्ही मिसळले की डायक्लोरोअ‍ॅसिटिलीन हा विषारी, स्फोटक पदार्थ तयार होतो.

– एक औद्योगिक सुरक्षा अधिकारी, पिंपरी-चिंचवड