लेसर कोरीवकाम : आधी पदार्थ ओळखा

संपादक महोदय,

सन्मानचिन्हे, नावाच्या पाट्या, पाकिटे आणि पेन यांवर ग्राहकासमोर नाव कोरून देणारी लेसर यंत्रे आता तालुक्याच्या बाजारपेठांतही दिसतात. थोड्या भांडवलात उभा राहणारा हा व्यवसाय वाढावा असेच मला वाटते. मात्र यंत्र विकताना त्यातला किरण नेमके काय करतो, हे घेणाऱ्याला क्वचितच समजावून सांगितले जाते.

लाकूड, अ‍ॅक्रिलिक व चामडे यांसाठी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड लेसर वापरतात. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये तो विकसित केला, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे. त्याचा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा किरण डोळ्यांना दिसत नाही. भिंगाने तो बारीक ठिपक्यावर एकवटला की तेथील पदार्थ किरणाची ऊर्जा शोषून क्षणात जळतो किंवा त्याची वाफ होते, आणि खाच पडते. आपल्याला आरपार दिसणारे अ‍ॅक्रिलिक हा किरण पूर्ण शोषून घेते, तर उघडे पितळ तोच किरण बहुतांशी परतवून लावते. म्हणून धातूसाठी सुमारे १.०६ मायक्रोमीटरचा फायबर लेसर लागतो. तो डोळ्यांत गेल्यास थेट दृष्टिपटलापर्यंत पोहोचत असल्याने त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा अत्यावश्यक आहे.

मला सर्वाधिक चिंता वाटते ती धुराची. चामड्यासारखे दिसणारे रेग्झिन पुष्कळदा पीव्हीसीचे, म्हणजे क्लोरीन असलेल्या प्लास्टिकचे, असते. त्यावर लेसर चालवल्यास हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो ओलाव्यात मिसळून आम्ल होतो, कारागिराचा घसा व फुप्फुसे पोळतो आणि यंत्राच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज चढवतो. लहान गाळ्यात धूर बाहेर नेणारी नळी नसताना, किंवा ती गल्लीतच सोडलेली असताना, हे काम दिवसभर चालते.

पीव्हीसी ओळखण्याची एक सोपी रीत आहे. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून तुकड्याला टेकवावी आणि, हवा खेळती असलेल्या जागी, पुन्हा ज्योतीत धरावी; ज्योत हिरवी झाली, तर त्यात क्लोरीन असण्याची दाट शक्यता असते आणि असा माल यंत्रात घालू नये. विक्रेत्यांनी प्रत्येक यंत्रासोबत चालणाऱ्या व न चालणाऱ्या पदार्थांची यादी मराठीत द्यावी, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या विषयाचा लघु अभ्यासक्रम सुरू करावा, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, पुणे