फळ्यावर बिअरचे नाव आहे, तीव्रता नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेक्कन जिमखान्याच्या परिसरात नुकत्याच सुरू झालेल्या क्राफ्ट बिअर (लहान प्रमाणावर बनवलेली बिअर) बारबद्दल सध्या बरेच उलटसुलट बोलले जात आहे. बोलणाऱ्यांपैकी अनेक जण तेथे फिरकलेलेही नाहीत, म्हणून जाऊन आलेल्या ग्राहकाच्या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

पुण्याला ताज्या बिअरचे नावीन्य उरलेले नाही. ‘डूलाली’ने महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी (बिअर बनवण्याचा छोटा कारखाना) २००९ मध्ये पुण्यातच सुरू केली. पुढे कोरेगाव पार्क आणि मुंढवा भागात अशी ठिकाणे वाढली. परंतु पेठांत किंवा कोथरूडला राहणाऱ्याने तेथवर जायचे म्हणजे गाडी काढायची, आणि परतताना ती चालवायची कोणी, हा प्रश्न उभा राहायचा. नवा बार मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ही त्याची पहिली जमेची बाजू.

दुसरी बाजू अर्थातच बिअरची. जर्मन धर्तीची गव्हाची बिअर उत्तम होती. ती गढूळ दिसते, कारण ती गाळलेली नसते. तिला येणारा पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास हा इसेन्सचा नसून त्या विशिष्ट यीस्टचा असतो. शेजारच्या टेबलावरील एका गृहस्थांनी ‘ही नासली आहे’ असे म्हणून ग्लास परत केला, तेव्हा वेटरने हुज्जत न घालता त्यांना हे सारे समजावून सांगितले आणि दुसऱ्या बिअरची चव घ्यायला दिली. इतके जाणकार आणि शांत सेवक आपल्या शहरात नेहमी भेटत नाहीत. स्टाउट या काळ्या बिअरमधील कॉफीसारखा कडवटपणा भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) होता आणि तो बेताचा होता. कोकम घातलेली आंबट बिअर मात्र सरबताच्या उरलेल्या पेल्यात कोणी बिअर ओतावी तशी लागली. चखण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नाचोजवर मिसळीची तर्री ओतण्याचा प्रयोग त्यांनी लवकर थांबवावा. संगीताचा आवाजही थोडा कमी केला तर माणसांना एकमेकांशी बोलता येईल.

माझा खरा आक्षेप आहे तो भिंतीवरील फळ्याला. त्यावर बिअरचे नाव आणि किंमत आहे. मद्यार्काचे प्रमाण, ग्लासाचे माप आणि बिअर कधी तयार झाली याची तारीख यांपैकी काहीही नाही. बाटली किंवा कॅन घेतला तर त्यावर मद्यार्काची टक्केवारी आणि आरोग्याचा इशारा छापलेला असतो. नळातून थेट ग्लासात आलेल्या बिअरला लेबलच नसते, त्यामुळे फळा हेच तिचे लेबल ठरते.

ही बाब किरकोळ नाही. साडेचार टक्क्यांची गव्हाची बिअर ५०० मिलिलिटर घेतली, तर पोटात सुमारे साडेबावीस मिलिलिटर मद्यार्क जातो. तेवढ्याच मापाची सात टक्क्यांची आयपीए ही कडवट प्रकारची बिअर घेतली तर ३५ मिलिलिटर, म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या अडीचपेक्षा अधिक छोट्या (३० मिलिलिटरच्या) पेगांइतका. ‘एकच तर बिअर घेतली’ असे म्हणत दुचाकीला किल्ली लावणाऱ्याला हा फरक ठाऊक असायला हवा. वाहनचालकासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही कायद्याची मर्यादा आहे. शिवाय आपल्या राज्यात सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे आहे, तर त्याहून तीव्र मद्यासाठी २५. डेक्कनचा हा भाग महाविद्यालयांचा आहे. बावीस वर्षांच्या ग्राहकासमोर कोणता ग्लास ठेवता येतो आणि कोणता नाही, हे ठरवायचे तर टक्केवारी सर्वांना दिसेल अशी लिहिलेली हवी.

व्यवस्थापकांना विचारले असता त्यांनी प्रत्येक बिअरची टक्केवारी तोंडपाठ सांगितली आणि ‘विचारले की आम्ही सांगतोच’ असे उत्तर दिले. माहिती हाताशी असूनही ती मागणाऱ्यालाच द्यावी, हे काही पटले नाही. तारखेचेही तसेच. पाश्चराइज न केलेल्या बिअरचा ताजेपणा हाच तिच्या चढ्या किमतीचा आधार असतो आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) सुगंध तर लवकर उतरतो. मग ती कधीची आहे हे लिहायला संकोच कशाचा? मापाबाबत जर्मनीत ग्लासावरच रेघ असते, त्यामुळे बिअर किती आणि फेस किती यावरून वाद होत नाही. येथे रेघ नसल्याने माझ्या एका ग्लासात दोन बोटे तर दुसऱ्यात चार बोटे फेस होता.

या तिन्ही गोष्टी त्याच फळ्यावर खडूने लिहिता येतील. बारचालकांनी ते आपणहून करावे. राज्य उत्पादन शुल्क विभागानेही ड्राफ्ट, म्हणजे नळातून दिली जाणारी, बिअर विकणाऱ्या सर्व परवानाधारकांना मद्यार्काचे प्रमाण दर्शनी भागात लिहिणे बंधनकारक करावे, आणि वैधमापनशास्त्र विभागाने ग्लासांच्या मापाची तपासणी करावी, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करीत आहे.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे