मर्ज झालं म्हणजे जमलं असं नाही

संपादक महोदय,

इंजिनियरिंगच्या मुलांना कोडिंग येत नाही अशी ओरड पेपरात अधूनमधून वाचतो. वीसेक वर्षं याच धंद्यात आहे, मला विचाराल तर कोडिंग बऱ्यापैकी येतं, येत नाही ते दुसऱ्याच्या कोडमध्ये आपला कोड मिसळणं. म्हणजे गिटमधलं मर्ज (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं आणि अनेकांचं काम एकत्र करणारं सॉफ्टवेअर).

बीईचे प्रोजेक्ट बघायला एक्स्टर्नल म्हणून जातो. चौघांचा ग्रुप, आणि कॉमिट हिस्टरी, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची गिटमधली नोंद, उघडायला लावली की सगळे कॉमिट एकाच पोराच्या नावावर, तेही सबमिशनच्या आदल्या रात्रीचे! बाकीच्यांना विचारलं तर "सर आम्ही त्याला व्हॉट्सॲपवर फाइली पाठवत होतो". म्हणजे मर्ज त्या बिचाऱ्याने रात्रभर कॉपी-पेस्ट करून केलं. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, जगभरातून येणारं काम एकत्र आणायला, आणि आपण ते पेनड्राइव्ह म्हणून वापरतोय.

कॉन्फ्लिक्टची, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांवर आदळण्याची, तर भलतीच धास्ती. फाइलमध्ये ते ओळीने सात कंस (<<<<<<<) दिसले की हातपाय गळतात, मग ‘ॲक्सेप्ट करंट’ नाहीतर ‘ॲक्सेप्ट इनकमिंग’ यातलं एक बटण डोळे मिटून दाबायचं आणि दुसऱ्याचं काम गायब. अरे पण कॉन्फ्लिक्ट म्हणजे एरर नव्हे. गिट तीन प्रती बघतं, तुझी, माझी आणि दोन्ही ब्रँच (कोडच्या स्वतंत्र फांद्या) जिथून फुटल्या ती जुनी. ती तिसरी नसेल तर एखादी ओळ तू नवीन घातलीस की मी उडवली हे कळणारच नाही. एकानेच बदललेली ओळ ते गुपचूप घेतं, दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर थांबतं आणि सांगतं, मला कळत नाहीये, तुम्हीच बघा.

मला भीती वाटते ती कॉन्फ्लिक्ट न येता झालेल्या मर्जची. कारण गिट ओळी जुळवतं, अर्थ नाही. आमच्याकडे एकदा बिलिंगच्या कामात सहकाऱ्याने रक्कम घेणारं फंक्शन रुपयांवरून पैशांवर नेलं, जिथे जिथे वापर होता तिथे सगळीकडे इमानदारीत बदललं. त्याच आठवड्यात मी माझ्या ब्रँचवर दुसऱ्याच फाइलमध्ये तेच फंक्शन नव्याने वापरलं, रुपये समजून. फाइली वेगळ्या त्यामुळे मर्ज एकदम क्लीन, कोडपासून प्रोग्राम बनवणारा बिल्डसुद्धा पास, दोन्हीकडे आकडाच ना शेवटी. ४५० रुपयांची पावती साडेचार रुपयांची निघाली तेव्हा कळलं. मर्ज करणारा मीच होतो, मर्जनंतर टेस्ट चालवल्या नाहीत कारण शुक्रवार होता आणि घरी जायचं होतं.

हे पुस्तकातून कळत नाही हो, एकदा हात पोळावा लागतो आणि तो कॉलेजात पोळलेला बरा. म्हणून विद्यापीठांना एक सुचवावंसं वाटतं. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला ग्रुपमधल्या दोघांना बसवा, एकच ओळ दोघांना वेगवेगळी बदलायला सांगा आणि परीक्षकासमोर मर्ज करायला लावा. ओळ कुठली ठेवली यापेक्षा का ठेवली ते विचारा, आणि मग प्रोग्राम चालवून दाखवायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे, लॅबमधल्या पीसीवर गिट टाकलेलं असेल तर.

– एक प्रोग्रामर, चिंचवड