प्रश्नावलीवर ठेवलेल्या त्या तळहाताबद्दल

आदरणीय अंगणवाडी सेविकाताई,
सादर नमस्कार.

सार्वजनिक आरोग्य पोषण या विषयातील माझा पदव्युत्तर प्रबंध गेल्या आठवड्यात सादर झाला. त्याच्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली आणि ती मला फार अपुरी वाटते, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

मी आहाराच्या पाहणीसाठी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात आले तेव्हा श्रावण लागला होता. घरातले धान्य सरत आलेले आणि नवे पीक अजून शेतात उभे, असे ते दिवस. त्याआधी मदतीसाठी ज्या कार्यालयाच्या पायऱ्या मी तीन आठवडे झिजवल्या, तिथल्या एका साहेबांनी अखेरीस सल्ला दिला, ‘इथल्या बायका काही सांगत नाहीत, प्रश्नावली अंदाजाने भरून टाका.’ तो सल्ला मला आजही टोचतो. आदल्या चोवीस तासांत कोणी काय खाल्ले हे विचारून केलेल्या पाहणीची सारी मदार समोरच्या बाईच्या शब्दावर असते, आणि तो शब्द मिळवण्याचे कष्टच त्यांना नको होते.

तुमच्यासोबत गेलेल्या तिसऱ्या घरात मी टेकल्या टेकल्या ‘काल सकाळपासून काय काय खाल्ले?’ असे विचारले, आणि आठ महिन्यांचे बाळ मांडीवर घेतलेली ती आई खाली पाहत राहिली. तेव्हा तुम्ही काही न बोलता माझ्या हातातल्या प्रश्नावलीवर आपला तळहात ठेवलात आणि तिच्याशी कोरकू या तिच्या आदिवासी बोलीत बोलू लागलात. पावसाबद्दल, सोयाबीनबद्दल, दिवाळीनंतर कामाला बाहेर जाणाऱ्या तिच्या नवऱ्याबद्दल तुम्ही बोललात, ते मला नंतर कळले. बऱ्याच वेळाने ती आपणहून उठली आणि तिने आदल्या रात्रीचे भांडे आणून दाखवले. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्यासाठी त्यात अर्धी भाकरीच उरली होती.

आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतले चौरस जेवण आईला बाळंतपणानंतर सहा महिनेच मिळते. सातव्या महिन्यापासून अंडी-केळी बाळाला मिळू लागतात, आईचे ताट मात्र थांबते. हे नियम मी वाचलेले होते, पण ते त्या भांड्यात पाहिले नव्हते. रेशनवर माणशी ५ किलो धान्य आले तरी घरात ते कोणाच्या ताटात किती पडते, हे कोणत्याही कार्डावर लिहिलेले नसते. त्या दिवसापासून ‘सर्वांत शेवटी कोण जेवले?’ हा प्रश्न मी प्रत्येक घरी विचारला, आणि माझ्या प्रबंधातले सर्वांत मोलाचे प्रकरण त्याच प्रश्नातून उभे राहिले.

ताई, वजने, नोंदी, मोबाइलवरची माहिती हे सारे सांभाळून तुम्ही माझ्यासोबत चिखलातून फिरलात, आणि या कामाला सरकार पगार नव्हे, मानधन म्हणते. उपाशी माणसाला अन्नाबद्दल विचारताना किती अदब लागते, हे मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नव्हते. ते तुमच्या हाताने शिकवले. असा सभ्यपणा ज्यांच्या अंगी असतो, त्यांच्या आधारानेच आमच्यासारख्यांचे काम उभे राहते.

प्रबंधाचा मराठी सारांश टपालाने पाठवला आहे. होळीला गावातली माणसे परत आली की मी येईन; तेव्हा त्या तिसऱ्या घरी आपण दोघी बसू आणि त्यात काय लिहिले आहे ते तुम्ही त्या आईला कोरकूत सांगा.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी