सात मात्रा म्हणजे बेताल नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जपानी मॅथ रॉक, म्हणजे पाच, सात अशा विषम मात्रांच्या मोजणीवर बांधलेलं रॉक संगीत, ऐकणारी पोरं आता जळगाव-धुळ्यातही भेटतात, आणि त्या संगीतावर 'बेताल गोंगाट' असा शिक्काही लगेच बसतो. हा शिक्का चुकीचा आहे. लग्नाच्या बँडमध्ये ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम), कीबोर्ड आणि गिटार वाजवणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत, ते त्यातल्या तालाचा हिशेब नीट मांडावा म्हणून.

उदाहरण क्योटोच्या 'ट्रिको' या बँडचं घेऊ. बँड २०१० मध्ये उभा राहिला. इक्क्यू नाकाजिमा गातात आणि गिटारही वाजवतात, दुसरी गिटार मोतोको किडा यांची, बेस हिरोमी हिरोहिरो यांचा. फ्रेंचमध्ये ट्रिको म्हणजे विणकाम, आणि दोन गिटारी एकमेकींत तशाच गुंतलेल्या असतात. पहिला मोठा अल्बम २०१३ चा. पुढच्याच वर्षी ड्रमर बाहेर पडला, तेव्हा २०१५ चा अल्बम त्यांनी वेगवेगळे ड्रमर घेऊन केला. युसुके योशिदा कायमचे ड्रमर झाले ते २०१७ मध्ये. मोजणी पक्की नसती, तर ड्रमर बदलत असताना अल्बम उभाच राहिला नसता. मंचावर ही मंडळी उड्या मारत वाजवतात आणि तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकत्र येतात. तो जोश आणि ती शिस्त, दोन्ही आम्हाला फार मोलाची वाटतात.

गंमत अशी की गाण्याची चाल साधी, गुणगुणता येणारी असते. तेवढा भाग पॉपचा. खाली गिटार सात मात्रांत फिरते आणि ड्रम आठ मात्रांत चालतो, असं या शैलीत पुष्कळदा घडतं. सात आणि आठ पुन्हा एकाच समेवर भेटतात ते ५६ व्या मात्रेनंतर. मेट्रोनोम (सारख्या वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १६० ठोक्यांवर ठेवून एका ठोक्यात दोन मात्रा धरल्या तर याला साडेदहा सेकंद लागतात. तेवढं थांबून न ऐकणाऱ्याला ते बेताल वाटणारच.

आपल्याकडे रूपक ताल सात मात्रांचा आहेच, पण त्याचे विभाग, म्हणजे मात्रांचे गट, ३-२-२. या संगीतात २-२-३ वारंवार येतं. तबला शिकलेला मुलगा इथेच फसतो: तो तीनचा गट आधी शोधतो आणि सम चुकीच्या जागी धरतो. शिवाय एक ते सात तोंडाने मोजू नये. बाकीचे आकडे एका झटक्यात म्हणता येतात, पण 'सहा' चे उच्चारात स-हा असे दोन तुकडे होतात, लय वाढली की नेमक्या त्याच मात्रेवर जीभ अडते आणि हात मागे पडतो. त्यापेक्षा 'तक तक तकिट' म्हणावं, किंवा सरळ अहिराणीत 'मना गावनी वाट' म्हणावं. म-ना, गा-व, नी-वा-ट, सातही अक्षरं सुटी आणि सारख्या वजनाची म्हणायची.

मेट्रोनोम ६० वर लावून एका ठोक्याला एक मात्रा धरा. ऑक्टोपॅडवर पहिल्या मात्रेला किक (जाड ढोलाचा आवाज), पाचव्या मात्रेला स्नेअर (कडक ड्रमचा आवाज), हाय-हॅट (छोट्या झांजेचा आवाज) सातही मात्रांवर. दहा मिनिटं न चुकता वाजलं की पाच-पाचने वाढवा. १२० नंतर मेट्रोनोम पुन्हा ६० वर आणून दोन मात्रांना एक ठोका घ्या. खरी कसोटी इथेच आहे. पहिल्या आवर्तनात, म्हणजे सात मात्रांच्या फेरीत, ठोका १, ३, ५, ७ वर पडतो, पण दुसऱ्यात २, ४, ६ वर, म्हणजे सम ठोक्याशिवाय येते. बहुतेक जण त्या क्षणी घाबरून एक मात्रा जास्त वाजवतात. हाताला आठ मात्रांच्या केरव्याची सवय असते, त्यामुळे शेवटी रोल (भरभर ठोक्यांची भर) मारून आठवी मात्रा भरली जाते. महिनाभर रोल बंदच ठेवा.

कीबोर्डवाल्याने स्टाइल, म्हणजे कीबोर्डवर आपोआप वाजणारा तयार ठेका, बंद करावी. चार ठोक्यांची स्टाइल चालू राहिली की सात मात्रांचा तुकडा तिच्यावरून सरकत जातो आणि दोष वादकाच्या माथी येतो. मिक्सरवरचा एकोही काढा. मागच्या मात्रेची शेपटी पुढच्या मात्रेवर पडते. गिटारला डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) कमीच हवं, नाहीतर सूर एकमेकांत मिसळून २-२-३ चे कंगोरे बुजतात.

वरातीत मात्र हे जसंच्या तसं वाजवू नये. सात मात्रांत समेवरचा पाय दर आवर्तनाला बदलतो, एकदा डावा, एकदा उजवा, आणि नाचणारे गोंधळतात. किक दर दोन मात्रांना सरळ चालू ठेवली तर चौदा मात्रांनी पाय जागेवर येतो आणि नाचही थांबत नाही.

आमची मागणी साधी आहे. महाविद्यालयीन महोत्सवांत समूह वादनाच्या अर्जावर 'मात्रा व विभाग' असा रकाना असावा, आणि परीक्षकांनी गुण देण्याआधी एक आवर्तन हातावर टाळी देऊन मोजावं.

आपले,
काही वादक, जळगाव