आक्का, त्या दिवशी तुम्ही मला गिरणीत बोलावलं नसतं तर...

आक्का, नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला माहितीय, तुमचा नातू मोबाईलवरनं वाचून दाखवेल, त्याला सांगून ठेवलंय की गिरणी बंद असतानाच वाच नाहीतर पट्ट्याच्या आवाजात आक्काला एक शब्द ऐकू जायचा नाही. तीन वर्षं झाली, समोरासमोर कधी बोलायला जमलं नाही. तुमच्यासमोर आलं की तुम्ही दुसरंच काहीतरी काम सांगता आणि बोलायचं राहून जातं, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

कारण असं झालं की माझी मावसबहीण यंदा नगरपालिकेला उभी होती. मतदान २ डिसेंबरला झालं, मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची ती कोर्टाच्या आदेशानं २१ डिसेंबरवर गेली, एकोणीस दिवस पोरीनं आकडेमोड करण्यात काढले आणि शेवटी पडली. रात्री अकरा वाजता फोन, नुसती रडत होती, मला म्हणाली ताई मी उद्यापासून बाहेर कशी निघू. मी तिच्याशी तासभर बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी जे जे बोलले त्यातलं माझं काहीच नव्हतं, सगळं तुमचं होतं. मग झोपच लागली नाही.

माझ्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा निकाल लागला तो दिवस २० डिसेंबर २०२२, मंगळवार होता. अजून तारीख वार सगळं पाठ आहे. तहसीलच्या आवारात सकाळपासून उभे होतो, आमच्या वॉर्डाची मशीन आली तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. मला २२२, समोरच्या ताईंना २३१, नोटाला १४. नऊ मतं आक्का. नव्वदनं पडले असते तर एवढं लागलं नसतं असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं. नऊ म्हणजे दोन घरं. नऊ म्हणजे आमच्या गल्लीतली एका ओट्यावर बसणारी माणसं. गुलाल उडायला लागला तसे आमच्याकडचे लोक एक एक करून गाड्यांकडं सरकायला लागले, ह्यांनी माझ्या हाताला धरून बाहेर आणलं, आणि परत येताना गावाच्या फाट्यावर पोरांनी 'कपबशी फुटली, कपबशी फुटली' म्हणून ओरडून घेतलं. माझं चिन्ह कपबशी होतं ना. त्यातली दोन पोरं माझ्याकडं शिकवणीला यायची.

घरी आले आणि आतल्या खोलीत बसले ती दोन दिवस बसले. जेवण नाही असं नाही, जेवत होते, पण दारात यायची नाही. आणि तिथं बसून मी काय केलं हे तुमच्याशिवाय कुणाला माहिती नाही, आज सांगते. प्रचाराला काढलेली वॉर्डाची मतदार यादी घेतली, लाल पेन घेतला आणि एकेका नावापुढं खूण करत बसले. ह्यानं दिलं असेल, हिनं नाही दिलं, हे घर तिकडं जेवायला गेलेलं, ही बचत गटात माझ्याशेजारी बसते पण मतदानादिवशी सकाळी दिसली नाही. नऊ माणसं शोधायची होती, आणि खुणा झाल्या एकसष्ट. चुलत जाऊबाईंच्या नावापुढं दोनदा खूण केली मी. असं वाटत होतं की नऊ नावं सापडली की छातीवरचं ओझं उतरेल, आणि जेवढ्या खुणा वाढत होत्या तेवढं गाव परकं होत चाललेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. मला वाटलं समजूत घालायला आलात, कारण तोवर जे आले ते सगळे तेच करत होते, 'जाऊ दे गं, पुढच्या वेळी', 'पैशापुढं काय चालतंय', 'लोकच तसले'. तुम्ही आत आलात, भिंतीला टेकून बसलात, ती यादी हातात घेतलीत, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून बघितलीत आणि विचारलंत, ह्या तांबड्या खुणा कसल्या. मी सांगितलं. तुम्ही थोडा वेळ गप्प बसलात. मग म्हणालात, "ह्यातली समदी माझ्याकडं दळण घिऊन येत्यात. मी आता कुणाकुणाच्या डब्यावर तांबडी खूण करू?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि मग लगेच, जणू त्याच कामाला आला होतात तसं, "माझा खांदा धरलाय, डबं उचलायला माणूस न्हाई, उद्या सकाळी आठला ये."

आक्का, तुमचा खांदा खरंच दुखत होता की नाही हे मी आजवर विचारलं नाही आणि विचारणार पण नाही.

दुसऱ्या दिवशी मी आले ती कशी आले माझं मला माहिती. घरापासून गिरणीपर्यंत दोनशे पावलं असतील. गावात एक वेळ देवळाकडं न जाता राहता येतं पण गिरणीकडं न जाता नाही, आणि तुम्ही मला बरोबर तिथंच उभं केलंत जिथं सगळं गाव येतं आणि दळण होईपर्यंत थांबतं. पहिला अर्धा तास कुणी बोललं नाही. मी डबा उचलायचा, वजन काट्यावर ठेवायचा, तुम्हाला आकडा सांगायचा, ज्वारी वर चाडीत ओतायची, खाली फडक्याच्या तोंडाला डबा लावायचा. गरम पिठाचा तो वास, आणि भुवयांवर, पापण्यांवर पीठ. तासाभरानं सगळ्यांची तोंडं सारखीच पांढरी झालेली, त्यात माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं.

आणि मग लोक बोलायला लागले. मी विचारलं नव्हतं, तरी बोलले. एक म्हातारबाबा म्हणाले, पोरी तुला मत दिलं नाही, पाव्हण्यारावळ्यांचं ऐकावं लागलं, राग मानू नको. मला राग यायला पाहिजे होता, पण एवढं तोंडावर खरं बोलणारा माणूस बघून उलट बरं वाटलं. आणि चौथ्या का पाचव्या दिवशी ती आजी आली, तिच्या सुनेच्या नावापुढं मी लाल खूण केलेली, सकाळी दिसली नाही म्हणून. आजी म्हणाली, "आमची सून फडावनं आलती की तुला मत द्यायला, एक दिसाची हजेरी बुडवली, टेम्पो बदलत बदलत साडेपाचाच्या आत पोचली आन् रातीच माघारी गेली." ऊसतोडीला गेलेली बाई, कोपीत ल्हान लेकरू दुसऱ्याकडं ठेवून आली, एका मतासाठी, माझ्या. मी डबा तसाच खाली ठेवला आणि मागं पोत्यांच्या थप्पीकडं गेले. तुम्ही बघितलंत, काही बोलला नाहीत, माझा डबा तुम्हीच उचललात, दुखऱ्या खांद्यानं.

त्या दिवशी घरी गेल्यावर ती यादी मी चुलीत घातली. त्या दोनशे बावीस लोकांचा मी एकदापण विचार केला नव्हता आक्का, दोन दिवस नुसती नऊ नावं शोधत बसलेले.

तुम्ही मला आबासाहेबांचं पण सांगितलं होतं, तुमचं माहेर सांगोल्याकडचं म्हणून. गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, पण १९९५ ला १९२ मतांनी पडले आणि १९९९ ला परत निवडून आले. खरं सांगू का, तेव्हा मला त्यानं काही वाटलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाची गोष्ट आपल्या नऊ मतांना लागू पडत नाही, दुखत असताना तर नाहीच. मला लागू पडली ती तुमची स्वतःची गोष्ट, आणि ती तुम्ही किती दिवसांनी सांगितलीत. १९९७ साली, बायकांना राखीव जागा मिळायला लागून थोडीच वर्षं झालेली, तेव्हा तुम्ही उभ्या राहिला होतात आणि पडला होतात. मामंजी महिनाभर धड बोलले नव्हते तुमच्याशी. पट्टा बदलता बदलता तुम्ही हे सांगितलंत, माझ्याकडं न बघता, आणि शेवटी एवढंच म्हणालात, "मला बोलवायला कुणी आलं न्हवतं."

मी तेव्हा काही बोलले नाही. काय बोलणार. पण आज हे पत्र लिहायचं खरं कारण हेच वाक्य आहे.

आता हिशोबाचं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण वाचणाऱ्यांत कुणी पडलेला उमेदवार असेल तर त्याच्या उपयोगी पडेल. मला वाटायचं हरलो, विषय संपला, आता कसला हिशोब. तुम्ही विचारलंत, "खर्च दिलास का लिहून?" निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, निवडून आलेल्यानं पण आणि पडलेल्यानं पण, नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवतात. मागच्या वेळी आपल्याच भागात दोघा तिघांचं असं झालेलं, ते म्हणे घरात तोंड लपवून बसले आणि मुदत गेली, हे तुम्हाला गिरणीत बसून कळलेलं. मी तर निवडणुकीची पिशवीच माळ्यावर फेकली होती. ती काढायला लावलीत, त्यातली एकेक पावती, पत्रकं छापलेली, एक बॅनर, स्पीकर लावलेली रिक्षा तीन दिवस, चहा, वडापाव. मी वाचायची आणि तुम्ही कॅलेंडरच्या पाठीमागं पिठाच्या बोटांनी आकडे मांडायच्या. तेरा हजार आठशे चाळीस. आमची नऊ सदस्यांची ग्रामपंचायत, पंचवीस हजारांची मर्यादा, त्यात आरामात बसलं. ६ जानेवारीला देऊन आले आणि पोच घेतली. तुम्ही ती पोच हातात घेऊन बघितलीत आणि म्हणालात नीट ठेव, २०२७ ला लागंल. मी हसले नाही, पण त्या सतरा दिवसांत पहिल्यांदा पुढच्या कुठल्या तरी सालाचा विचार माझ्या डोक्यात आला.

भोगीच्या आदल्या दिवशी गिरणीत किती गर्दी असते, सगळ्यांना बाजरीच दळायची असते. त्या गर्दीत त्या ताई आल्या, निवडून आलेल्या. निकालानंतर पहिल्यांदा समोरासमोर. सगळ्यांच्या बोलण्याचा आवाज कमी झाला, मला कळत होतं सगळे बघतायत. त्यांनी डबा पुढं केला, मी घेतला. डब्याचं झाकण अडकलेलं, निघेना, मग त्यांनी एका बाजूनं धरलं आणि मी दुसऱ्या बाजूनं ओढलं. त्या हळूच म्हणाल्या, मला तर मीच पडेन असं वाटत होतं, दोन रात्री झोपले नव्हते. मी म्हणलं, मी पण. एवढंच बोलणं झालं. तुम्ही मागनं ओरडलात, "आगं बाजरी वत, लाईन लागलीय."

पुढं २५ जानेवारीला महिला ग्रामसभा होती, २६ च्या ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते ती. मी जाणार नव्हते. कुठल्या तोंडानं जायचं, मेंबर नाही काही नाही. तुम्ही म्हणालात ग्रामसभेला बसायला मेंबर कशाला व्हावं लागतंय, मतदार यादीत नाव हाय न्हवं? आणि गिरणीला कडी घालून माझ्याबरोबर आलात, भर दुपारी, गिऱ्हाईक परत गेलं त्या दिवशी. अंगणवाडीला नळ नाही, मदतनीस बाई लांबनं घागरीनं पाणी आणते, हा मुद्दा मी प्रचारात घरोघर सांगितला होता, तोच मांडला. आवाज थरथरत होता. ग्रामसेवक म्हणाले बघू, आणि तुम्ही बसल्या जागेवरनं, "बघू न्हवं, प्रोसिडिंगला घ्या." ठराव झाला. सूचक म्हणून माझं नाव, आणि अनुमोदक कोण विचारल्यावर त्या ताईंनी हात वर केला. एकाच पानावर आमची दोघींची नावं आहेत, एकाखाली एक. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात पंधराव्या वित्त आयोगातनं तो नळ आला. परवा बघून आले, तोटी जरा गळतेय, सांगितलंय.

सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. गुलालाचा वास आला की अजून पोटात कसंतरी होतं. फाट्यावर ओरडलेल्या त्या दोन पोरांपैकी एकाशी मी अजून मोकळं बोलू शकत नाही, तो बिचारा आता कॉलेजला आहे, बघितलं की मान खाली घालतो. जाऊबाईंना मी त्या दोन खुणांचं कधी सांगितलं नाही, त्या हे वाचतील तर वाचतील, वहिनी माफ करा.

आक्का, आभार हा शब्द तुमच्यासमोर काढला तर तुम्ही म्हणाल की काय गं मी काय केलं, उलट तूच महिनाभर फुकट राबलीस. मी राबले नाही. तुम्ही मला चार माणसांत परत आणून बसवलंत, आणि कुणाला कळू न देता, मला पण कळू न देता. पडल्यावर माझ्या घरी चाळीसेक माणसं येऊन गेली असतील, सगळ्यांनी मला बसायला सांगितलं. उठायला सांगणाऱ्या तुम्ही एकट्या होतात. ते माझ्या अंगावर ऋण आहे आणि ते मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे.

मावसबहिणीला मी पहिलं हेच विचारलं की हिशोब कधी द्यायचाय ते बघितलंस का. ती रडता रडता थांबली आणि म्हणाली, म्हणजे काय? मग तिला सगळं सांगितलं. तिच्या गल्लीत गिरणी नाही, पण किराणा दुकान आहे तिच्या सासऱ्यांचं, म्हणलं उद्या सकाळी गल्ल्यावर जाऊन बस. बसली. परवा फोन आला, पहिला दिवस लई वाईट गेला म्हणाली, दुसऱ्या दिवशी पण गेली.

मंगळवारी भोगी आहे. सोमवारी गर्दी असणार, मी सकाळी सातलाच येते, डबे मी उचलते. आमची चार किलो बाजरी शेवटी दळू.

तुमची,
वॉर्ड नंबर तीनमधली सून